छोट्या ट्रॅक्टरला मोठी ट्रॉली

आमच्या धाकट्या दिराला वजन डोळ्यांनी मोजायची सवय. ट्रॉलीतला कापूस जितका उंच, तितकी याची मान ताठ. पानठेल्यावर एकच गोष्ट किती वेळा सांगावी माणसानं? म्हणे, आपली ट्रॉली एवढी उंच भरली होती की विजेची तार बांबूनं उचलून खालून काढावी लागली. ऐकणारेही तसलेच, माना डोलावणारे. यात मोठेपणा कोणता, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही.

दोन-तीन वर्षांमागे त्यानं जुना मोठा ट्रॅक्टर विकला आणि फवारणी-डवरणीसाठी छोटा घेतला, कपाशीच्या ओळींतून जाईल असा. तेवढं शहाणपणाचं केलं. पण मोठ्याची ट्रॉली ठेवून घेतली. मी विचारलं, ही कशाला? तर म्हणाला, "हुक बसला ना वहिनी, मंग झालं. ट्रॉली ते ट्रॉली."

नवा ट्रॅक्टर दारात आला तेव्हा पोचवायला आलेल्या माणसानं स्पष्ट सांगितलं होतं, "मोठी ट्रॉली याले जोडू नका. रिकाम्या ट्रॉलीचंबी वजन असते. ओढून नेईन हा, पण उतारावर मागचा भार याच्यानं थांबणार नाही." मी आरतीचं ताट घेऊन जवळच उभी होते, म्हणून ऐकलं. दीर नारळ फोडण्यात आणि फोटो काढून घेण्यात दंग. नंतर मी सांगून पाहिलं. "त्याईले काय लागते सांगाले," म्हणाला.

कापसाच्या दिवसांत त्याच छोट्या ट्रॅक्टरनं ढिगाऱ्यासारखी ट्रॉली महागावच्या बाजाराला नेली. काही झालं नाही. होणार कसं? कापूस दिसतो डोंगराएवढा, वजनाला हलका. पण आमच्या शहाण्याला वाटलं, ट्रॅक्टरमध्ये हत्तीचं बळ आहे.

मग भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेलं सोयाबीन विकायला काढलं. पोती रचत रचत ट्रॉलीच्या काठाला आणली.

"भाऊजी, लय झालं," मी म्हटलं.

"काहून? कापूस याच्या दुप्पट उंच गेलता. हे तर काठाच्या वर पण नाही."

याच्याशी काय बोलायचं.

त्यात तो बाजाराचा दिवस. आमच्याकडे ज्याची ट्रॉली बाजाराला निघेल तिच्यात गल्लीतल्या बाया पिशव्या घेऊन चढतात, कोणी नाही म्हणत नाही. शेजारची सूनही आली. तिला सहावा महिना, महागावच्या दवाखान्यात दाखवायचं होतं. बाया पोत्यांवर, तीही पोत्यांवर. तिला एकटीला सोडवेना म्हणून मीही चढले.

गावाबाहेरच्या चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून सुटायला लागली. स्टेअरिंग फिरवलं तरी तोंड वळेना. कोणीही शहाणा माणूस तिथं पोती उतरवेल. यानं काय करावं? पानठेल्यावरचे दोन दोस्त सोबत घेतले होते, त्यांना पुढे बोनटवर बसवलं. "तुमी बसा रे, नाक खाली राहीन." आणि ते बसले, हसत, दोन पोत्यांसारखे.

चढ संपला. पुढे नाल्यापर्यंत लांब उतार. मी ओरडून ट्रॅक्टर थांबवायला लावला.

"आमी उतरतो. पायी येतो."

"आता कायले? आता तर उतारच हाये. ट्रॅक्टरले ओढाचं कामच नाही."

"म्हणूनच उतरतो. मागचं वजन धरून कोण ठेवीन? तुमचे हे दोघं?"

बोनटवरचा एक म्हणाला, "वहिनी आता डायवर झाल्या बाप्पा."

बायाही कुरकुरल्या. एक म्हातारी म्हणाली, "कायले उन्हात उतरवतं माय, चांगलं बसलो होतो." मी ऐकलं नाही. आधी सुनेला हात देऊन उतरवलं. मग एकेक जण तोंड वाकडं करत उतरली.

ट्रॅक्टर निघाला. अर्ध्या उतारापर्यंत ठीक. मग मागून ट्रॉली त्याला ढकलायला लागली. यानं ब्रेक मारला तशी ट्रॉली बाजूनं पुढे आली, ट्रॅक्टर रस्त्यात आडवा वळला आणि ट्रॉली कडेच्या खड्ड्यात पालथी पडली. बोनटवरचे दोघे आधीच झुडपांत उड्या मारून मोकळे. दीर सीटला चिकटून वाचला, गुडघा तेवढा फुटला. आम्ही बसलो होतो ती पोती ट्रॉलीखाली होती.

सून रस्त्याच्या कडेला बसली. तिला पाणी दिलं.

दीर लंगडत वर आला. मला वाटलं, निदान तिची विचारपूस करील. तो म्हणाला, "तुमी बसून राह्यल्या असत्या तर वजन दाबून राह्यलं असतं. तुमी उतरल्या म्हणून उलटली."

मान डोलवायला ते दोघे होतेच, कपड्यांवरचे काटे काढत.

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदर खोचून येणाऱ्या ऑटोला हात केला. सुनेला आधी बसवलं, मग आम्ही दाटीवाटीनं चढलो. दीर ऑटोजवळ येऊन म्हणाला, "सोयाबीन भरू लागाले दोघी-तिघी तरी थांबा ना."

म्हातारीनं ऑटोवाल्याला सांगितलं, "चाल बापू, दवाखान्यात."