अंबाडीच्या खुंटावर

सासऱ्यांच्या हाताखाली मी आजवर शेकड्यांनी कलमं बांधली असतील, पण लोक मला अजून एकाच कलमाबद्दल विचारतात, आणि तेच नेमकं फसलेलं आहे. गांजाचं. आता हे वाचून कुणी पोलिसांत जायची तसदी घेऊ नये. ते झाड केव्हाच आमच्या उकिरड्यात कुजलं आणि त्या खतावर दुधी भोपळा झकास आला.

आमचं गाव नळदुर्गच्या अलीकडं, हायवे सोडून थोडं आत. सासरे आंब्याची आणि बोरीची कलमं बांधायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या हाताला कंप सुरू झाला होता. कलमाचा काप एका ओढीत सरळ जावा लागतो, त्यांचा वाकडातिकडा जायला लागला. एक दिवस त्यांनी सुरी माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "तू काप, म्या सांगतो." तेव्हापासून हात माझे आणि नजर त्यांची. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. त्याला झाडांपेक्षा परिपत्रकं जास्त कळतात.

महाशिवरात्रीला गावच्या महादेवाला ठंडाईची घागर आमच्या घरातून जाते. घरच्या कर्त्या पुरुषानं ती खांद्यावर न्यायची, देवाला धार घालायची आणि मग भजनी मंडळींना पेला पेला वाटायची. ठंडाईत भांग घोटलेली असायची, आणि ती आमच्याच परसातल्या एका झाडाची. एक झाड वाळलं की पुढच्या साली तिथंच दुसरं उगवायचं. एखाद्या वर्षी घागर चुकली तर मान दुसऱ्या घराला जातो, असा गावचा नियम. सासऱ्यांची जमीन बेताची, शिक्षण चौथीपर्यंत. गावात त्यांना चारचौघांत पुढं बसवायचे ते या घागरीमुळं. हे त्यांनाही माहीत होतं आणि गावालाही.

त्या पावसाळ्यात शेजारच्या शिवारात कुणाच्या तरी तुरीत गांजा सापडला. पोलिसांची जीप आली, पंचनामा झाला. नवरा शाळेतून आला तो चेहरा पांढराफटक करूनच.

"दादा," तो वडलांना म्हणाला, "ते झाड उपटा. माझी नोकरी जाईल."

"देवाचं हाय ते."

"फौजदाराला सांगा देवाचं हाय म्हणून!"

बापलेकांचं बोलणं बंद झालं. मी दोघांना ताटं वाढत होते आणि दोघांचंही बरोबर आहे म्हणून दोघांवरही चिडत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी परसातून हाक मारली. "सुरी आण गं."

कुंपणाच्या कडेनं मी भाजीला अंबाडी लावली होती. त्यातलं एक झाड धरून ते उभे होते. "हे पान बघ आन ते पान बघ. दोनीला पाच बोटं. सख्खी भावंडं हायेत." त्यांचा बेत असा: अंबाडीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या बुंध्यावर, गांजाची काडी बांधायची आणि मग मूळ झाड उपटून टाकायचं. "आंबा कसलाबी बांधला तरी झाड खुंटाचं. मुळी अंबाडीची, तर झाड अंबाडीचं. जीप आली तर उकरून दावू."

कायद्याचा हा अर्थ ऐकून मला हसू आलं. "मामा, दिसायला सारखी म्हणून सोयरीक होत न्हाय. बोरीवर बोर धरती, आंब्यावर आंबा. हे तुमीच शिकवलंय मला."

"करून बघितल्याबिगर न्हाय म्हनायचं न्हाय. ते बी म्याच शिकवलंय."

खरं सांगायचं तर मलाही खुमखुमी होती. मी काप घेतला, काडी बसवली, पट्टी गुंडाळली. अशी तीन बांधली. सासरे रोज सकाळी स्टूल टाकून त्यांच्यापुढं बसायचे. दाढी करायला गेले तिथं त्यांच्या तोंडून गोष्ट सुटली आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळली. नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. "एक झाड होतं ते उपटा म्हणलं, तर चार केली!"

दोन काड्या आठ दिवसांत माना टाकून मोकळ्या झाल्या. तिसरी हिरवी राहिली. दहावा दिवस गेला, अकरावा गेला. सासरे म्हणायला लागले, कोंब फुटायचा डोळा फुगलाय. मला काही दिसत नव्हतं, पण मीही "व्हय मामा" म्हणत होते. तेराव्या दिवशी त्यांनी स्वतःच पट्टी सोडली. बोटं इतकी थरथरत होती की मला पुढं व्हावंसं वाटत होतं, पण मी हात मागं बांधून उभी राहिले. अंबाडीनं आपली जखम आपल्यापुरती भरून घेतली होती. काडी नुसती आत टेकलेली, ती अलगद त्यांच्या हातात आली.

"घेतलं न्हाय खुंटानं," ते म्हणाले. मग गेले आणि परसातलं झाड आपल्या हातानं मुळासकट उपटून उकिरड्यात टाकलं. हात धुतले. "तुज्या मालकाला सांग, आता निवांत नीज म्हनावं."

त्यानंतर ते भजनाला जायचेच बंद झाले. माघ लागला तसं एक दिवस चिंच लावून घागर लख्ख घासली आणि पालथी घालून ठेवली. म्हणाले, "औंदा गावाला सांगून टाकतो. देऊ द्या मान ज्याला द्यायचा त्याला." गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. "घागरीचा मान हाय का भांगेचा?" मी विचारलं. त्यांनी घागर उचलून सुलटी करून ठेवली.

महाशिवरात्रीला मी दूध आटवलं. बदाम, खसखस, मिरी, वेलदोडे घेतले आणि हिरव्या रंगासाठी पाट्यावर बेलाची कोवळी पानं वाटली. सासऱ्यांनी बोट बुडवून चाखलं. "लोकांनी इचारलं तर म्या खोटं बोलनार न्हाय."

"कोण सांगतंय खोटं बोला म्हणून?"

त्यांनी खांद्यावर घागर घेतली. देवाला धार घातली, पेले वाटले, आणि खरोखरच मोठ्यानं सांगितलं, "भांग न्हाय बरं का, बेल हाय."

"व्हय व्हय, बेलच!" सगळे डोळे मिचकावून हसले. कलमाची बातमी गावभर होतीच, ते फसल्याची कुणाला नव्हती. थोड्या वेळानं मृदंग वाजवणारा ताल सोडून भलतीकडंच गेला. एक म्हातारा दहा वर्षांपूर्वी मेलेल्या बैलासाठी रडायला लागला. दुसरा म्हणाला, "कलमाची लई जहाल असती राव." माझ्या नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्या घागरीतला पेला घेतला, बेलच आहे हे माहीत असून, आणि घरी येऊन म्हणाला, "डोकं जरा जड वाटतंय गं." सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढच्या साली त्यांना घागर उचलवेना. नवरा खांदा पुढं करून उभा होता. मी घागर भरून, तोंडाला फडकं बांधून बाजूला झाले. सासरे म्हणाले, "जिनं घोटली तिनं उचलायची." मी घागर डोक्यावर घेतली.

देवळाच्या पायरीवर भजनी मंडळी बसलेली. बाई घागर घेऊन येतेय बघून मृदंग मधेच थांबला. एकानं सासऱ्यांना विचारलं, "अन मान?"

"मान संगंच हाय. तिच्याच डोक्यावर हाय," ते म्हणाले आणि काठी टेकत माझ्या पुढं चालायला लागले, वाट करून द्यायला.

बैलासाठी रडलेल्या म्हाताऱ्यानं देवाच्या धारेचीही वाट न बघता सगळ्यात आधी पेला पुढं केला. मला भडभडून आलं होतं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हात घागरीला होते.