एक गाठ की दोन

अख्ख्या मुलुंडात माझ्या मामेसासऱ्यांएवढा मुंग्यांना मान देणारा माणूस झाला नाही, आणि हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. सासूबाईंचे हे धाकटे भाऊ, लग्न केलं नाही, आमच्याच खोलीत राहायचे. घड्याळं दुरुस्त करायचे, पण सेलवरच्या घड्याळाला घड्याळ म्हणायचे नाहीत, गिऱ्हाईक सरळ परत पाठवायचे. जेवताना ताटाबाहेर चार शितं ठेवायची, ती मुंग्यांची. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा मामांनी त्यांना दारातच उभं केलं, आत येणारी रांग संपेपर्यंत.

एकदा ते होमिओपॅथीच्या बाटलीतून राणी मुंगी घेऊन आले. नळाजवळ सापडली, पंख नुकतेच गाळलेले. रंग काळा नाही की लाल नाही, मधलाच. आमच्याकडे काळी मुंगी म्हणजे लक्ष्मी, तिला साखर, आणि लाल दिसली की रॉकेलचा बोळा. मग हिला काय द्यायचं? माझी पोर तीन महिन्यांची, खाली जमिनीवर झोपायची, लाल मुंग्यांनी आधीच एकदा तिची मान सुजवलेली, मी तिला आधी उचलून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, मेल्या, चावरी असली तर आत्ताच्या आत्ता मोरीत ओत. मामा म्हणाले, रंगावर जायचं नाही, कंबर बघायची. एक गाठ असली तर डोंगळ्यातली, फार तर चिमटा काढेल. दोन असल्या तर डंख मारणारी, मग मीच बाहेर सोडून येतो.

दुकानातलं भिंग डोळ्याला लावून त्यांनी बाटली उजेडात धरली. खूप वेळ बघितलं. मग तोंड एवढंसं करून म्हणाले, "दोन," आणि चपला शोधायला लागले.

ते तोंड मला बघवेना. मी बाटली मागितली.

"तुला काय कळतं गं त्यातलं?" सासूबाई म्हणाल्या.

"मी सातवी नापास," मी म्हटलं, "पण एक आणि दोन मला कळतं."

भिंगातून ती ही रेड्याएवढी दिसली. पण गाठ एकच होती. तीनदा बघितली, एकच. "राहील ती इथंच, वरच्या फळीवर," मी सांगून टाकलं. सासूबाई दोन दिवस भांडी आपटत होत्या, आपटू देत.

त्या पाण्याला गेल्यावर मामा जवळ आले. "सूनबाई, अंडी घातली का ते रोज बघून सांगशील मला? हल्ली एकाची दोन दिसतात."

घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. मी कुणाला बोलले नाही. रोज सकाळी पोरीला कडेवर घेऊन भिंग लावायची आणि दिसेल ते सांगायची. ते डोळे मिटून ऐकायचे.