मरळीचं डोकं

बायको, सत्यभामाबाई, गेल्यापासून गुलाबरावांच्या घरात बोलणारी वस्तू एकच उरली होती, ती म्हणजे कुकर. तोही दोन-तीन शिट्ट्या झाल्या की गप्प. कारखान्यातून निवृत्त झालेला हा भंडाऱ्याकडचा माणूस हिंदी मुलखातल्या अधारतालच्या दोन खोल्यांत राहत होता. मुलगा पुण्यात. फोनवर बापलेक एकमेकांना "बाकी काय?" विचारत, आणि बाकी काहीच नसल्यामुळे फोन ठेवत.

त्यातून गुलाबरावांना वाचवलं ते रविवारानं. कॉलनीमागच्या तळ्यावर सकाळीच गळ टाकून बसायचं, गांडुळाची मनोभावे माफी मागायची आणि एखादी मरळ लागली की घरी येऊन चिंचेचा कोळ घालून झणझणीत रस्सा करायचा. त्यातला वाटीभर शेजारच्या ज्योतीकडे. ही श्यामसुंदरची बायको, माहेर गोंदियाचं. वाटीवर सत्यभामाबाईंचं नाव कोरलेलं होतं. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. म्हणून संध्याकाळी ज्योती वाटीत कधी चटणी, कधी शिरा घालून यायची आणि दारात उभ्या उभ्या घटकाभर बोलून जायची. आठवडाभराचं बोलणं गुलाबराव त्या घटकेसाठी साठवून ठेवत. ती आली की निम्मं विसरत.

ज्योतीला दिवस गेले तेव्हापासून वाटीत मरळीचं डोकंही जाऊ लागलं. डोकं खाल्लं की पोर हुशार निपजतं, असं सत्यभामाबाई म्हणायच्या. गुलाबरावांचा स्वतःचा जीव डोक्यावरच होता, पण होणाऱ्या विद्वानासाठी ते शेपटीवर समाधान मानत.

एकदा तळ्यावर विनीता नावाची मुलगी आली. कॉलेजातून आलेली, हातात बाटल्या. पाणी भरलं आणि तपासायला म्हणून गुलाबरावांकडून मासळीही मागून नेली. कुणीतरी आपली मासळी शिकलेल्या माणसांत नेली, याचा त्यांना महिनाभर अभिमान वाटला. मग ती परत आली. तळ्याच्या वरच्या अंगाला एका शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडत, त्यांचं पाणी उतारानं तळ्यात येई. मासळीत शिसं निघालं होतं. काट्यात, डोक्यात जास्त. लहान मुलांना आणि पोटातल्या बाळाला सगळ्यात वाईट, मेंदूच्या वाढीवर येतं, असं ती सांगत होती.

गुलाबराव हसले. उभा जन्म त्यांनी पितळेच्या घागरी चिंचेनं लखलखीत होताना पाहिल्या होत्या. धातूचा माज चिंच उतरवते, आणि आपल्या रश्शात चिंच काही कमी नसते, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं.

विनीता हसली नाही. "बाबूजी, घागर पे मैल ऊपर होता है," ती म्हणाली. "ये मछली के अंदर है. न धोने से जाएगा, न पकाने से."

तरी त्या रविवारी त्यांनी मरळ आणलीच. दुप्पट चिंच घातली. रस्सा इतका आंबट झाला की चाखताना डावा डोळा आपोआप मिटला. वाटी भरली, डोकं वर ठेवलं आणि दाराशी येऊन थांबले. सांगितलं तर वाटी बंद. वाटी बंद तर ज्योती बंद. मग रविवारीही नुसता कुकर. आणि नाही सांगितलं तर? वाटीतून मरळ त्यांच्याकडे बघत होती. मासळीला पापण्या नसतात, हे त्यांना तेव्हा फार जाणवलं.

त्यांनी रस्सा मोरीत ओतला, डोकं मांजरालाही मिळू नये म्हणून खाली अंगणात पुरलं, वाटी घासली आणि तीच घेऊन शेजारी गेले. वाटीशिवाय त्या दारात कसं उभं राहायचं, ते त्यांना येत नव्हतं.

"काकाजी, आज रिकामी काहून आणली जी?" ज्योतीनं हसत वाटी घेतली.

त्यांनी सगळं सांगितलं. शेड, शिसं, चिंचही. ज्योतीचा हात पोटावर गेला.

"मी तर डोकीच खाऊन राहिली होती," ती म्हणाली.

"माहीत नव्हतं, पोरी."

तिनं मान हलवली आणि आत गेली. वाटी तिच्या हातातच राहिली.

श्यामसुंदरनं तिला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं. आता थांबलात ते बरं केलंत, पण पुढेही तपासत राहावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले, हे गुलाबरावांना श्यामसुंदरकडून जिन्यात कळलं. मग गोंदियाहून आई आली आणि ज्योतीला बाळंतपणाला घेऊन गेली. ऑटोत बसताना ज्योतीनं त्यांच्या खिडकीकडे पाहिलं की उन्हानं डोळे बारीक केले, ते त्यांना वरून नीट कळलं नाही.

गळ त्यांनी खिळ्याला टांगला. श्यामसुंदरचं जेवण खानावळीत, म्हणून शेजारच्या दाराला दिवसभर कुलूप. एका रविवारी त्यांनी पाटोडीचा रस्सा करून पाहिला. बेसनाच्या पाटोड्या रश्शात पडल्या आणि लगेच विरघळून नाहीशा झाल्या. तरी सवयीनं त्यांनी वाटी शोधली. फळीवर नव्हती. मग आठवलं, ती त्या कुलपाच्या आत आहे.

ताट घेऊन ते कुलूप दिसेल असे दारात बसले. ज्योती आपल्यावर रागावली असेल तर असेल, त्याला इलाज नव्हता. पण शेजारची वाटी ठेवून घेणारी ती नव्हे, आणि रिकामी आणणारी तर नव्हेच. तेव्हा ती आली की पुन्हा वाटीत घालून द्यायला मासळीशिवाय काहीतरी जमायला हवं होतं.

त्यांनी पातळ पिठलं झालेला रस्सा भाकरीनं पुसून खाल्ला आणि उद्यासाठी पुन्हा बेसन काढून ठेवलं.