सुपातले वजन

या सदरात लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगतात, की अशा गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. माझा आजही नाही. मी चौतीस वर्षे गणित शिकवले. जे मोजता येते तेवढेच खरे धरण्याची सवय आहे. एका वस्तूचे वजन मात्र मला मोजता आले नाही... म्हणून हे लिहीत आहे.

गाव परभणी जिल्ह्यातले. गंगाखेडहून राणीसावरगावकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन मैल आत. नाव देत नाही. त्या दिवशी चौकात असलेली काही माणसे अजून हयात आहेत. शाळा गावाच्या तोंडाशी, समोर पिठाची गिरणी, गिरणीपुढे चौक. शाळेच्या व्हरांड्यापासून चौकापर्यंत चाळीस पावले. हे अंतर मी नंतर मोजले.

वामन सर या शाळेत इंग्रजी शिकवत. ते बौद्ध, वस्तीत राहणारे. मी गावातल्या मोठ्या जमीनदार घरातला. बारा वर्षे आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. एका थायी भिक्खूंशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्या भिक्खूंच्या ओळखीच्या शाळेला इंग्रजी जाणणारा शिक्षक हवा होता आणि जागा वामन सरांना देऊ केली होती. परंतु त्यांची आई अंथरुणावर होती. पत्र त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

"सर, तुमी जा. माझी म्हातारी मला सोडायची न्हाई. अन् तुमच्या छडीतून इथली पोरं तरी सुटतील."

मी बिनपगारी रजा घेतली आणि गेलो. जागा त्यांची होती, हे ध्यानात ठेवावे.

थायलंडच्या ईशान्येकडील त्या गावात मी तीन वर्षे परका मास्तर होतो. सकाळी आठला झेंडा, मग प्रार्थना, मग चपला वर्गाबाहेर ओळीत. चिकट भाताचा गोळा तिथे भाकरीसारखा मोडून खातात. आवाज चढवणे असभ्य समजतात. मी पहिल्याच दिवशी फळा पुसायला सांगितले तेव्हा शेजारच्या वर्गातील शिक्षिका धावत आल्या. त्यांना वाटले, मला काही लागले. जून महिन्यात गुरुवंदनेचा दिवस असतो. मुले गुडघ्यांवर चालत येतात आणि तबक पुढे करतात. त्यात दुर्वा असतात आणि वांग्याची फुले. आमच्याकडे दुर्वा गणपतीला, तिथे मास्तरला. मला ते आवडले, हे कबूल करतो.

त्याच महिन्यात माझ्याकडून चूक झाली. नववीतल्या एका विद्यार्थ्याचे समीकरण तिसऱ्यांदा चुकले आणि मी त्याच्या डोक्यात टपली मारली. आमच्या शाळांत टपली म्हणजे शिक्षा नव्हे, विरामचिन्ह. तिथे सगळा वर्ग दगड झाला. मुलगा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी तो तापाने फणफणला. तिसऱ्या दिवशी आई-वडिलांनाही ओळखेना.

शाळेच्या स्वयंपाकघरात एक म्हातारी होती. सगळे तिला आजी म्हणत. ती मला बोलवायला आली, हातात मासे धरण्याची जाळीची झोळी घेऊन. झोळीत शिजवलेला भात, उकडलेले अंडे आणि पांढरे सूत. दुभाषा म्हणून मुख्याध्यापक सोबत होते.

म्हातारीचे म्हणणे असे : माणसात ख्वान असते. आपण जीव म्हणतो त्याच्या अलीकडचे काहीतरी. ते डोक्यात राहते. डोक्यावर आघात झाला की घाबरून बाहेर पडते आणि आघात झाला त्याच जागी बसून राहते. ज्याने मारले त्याने, किंवा ज्याने पाहिले त्याने, त्या जागी जाऊन झोळी फिरवायची आणि घरच्या नावाने हाक मारायची.

मी बाकाजवळ बसलो. झोळी फिरवत म्हणालो, "तू आजारी पडलास, परत ये."

म्हातारीने माझ्या मनगटावर फटका मारला. मुख्याध्यापकांनी खाली पाहत भाषांतर केले, "त्या म्हणतात, खोटे बोलू नका. काय घडले ते सांगा. खोट्याला ते येत नाही."

मग मी म्हणालो, "मी तुला इथे मारले. ये."

"झोळी जड लागेपर्यंत थांबायचे नाही," म्हातारीने बजावले.

मी पंधरा मिनिटे हाका मारल्या. हात भरून आला म्हणून झोळी जड वाटली, असे मी तेव्हा मानले. मुलाच्या घराच्या दाराशी म्हातारीने विचारले, "आला का?" आतून आई म्हणाली, "आला." त्याच्या मनगटाला सूत बांधले. दोन दिवसांनी मुलगा शाळेत आला. साधा विषाणूचा ताप असणार. वहीत मी तसेच लिहिले. टपली मात्र बंद केली.

आता आमच्या गावची गोष्ट.

चौऱ्याण्णवचा जानेवारी. विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. मी परत येऊन चार-पाच वर्षे झाली होती. वामन सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी एक खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात उभा होतो, हातात खडू. वामन सर सायकलवर चौकात आले. गिरणीच्या आडोशाला सात-आठ जण होते.

प्रथम कोणीतरी सायकलीला लाथ घातली. ते पडले. उठू लागले तेव्हा एकाने सायकलची चेन तोंडावर मारली. चष्मा फुटून गालात शिरला. मग लाथा. पोटात, कण्यावर, बोटांवर. "पेढे वाट की! वाट!" असे कोणी ओरडत होते. वामन सर ओरडले नाहीत. दोन्ही हातांनी डोके धरून ते गुडघ्यांवर आले. त्यांचे हात दोघांनी बाजूला ओढले. तिसऱ्याच्या हातात बैलगाडीची उभारी, कडेला उभा ठोकतात तो लाकडी दांडा, होती. ती डाव्या कानाच्या वर बसली. आवाज व्हरांड्यापर्यंत आला.

उभारी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या, गंगाधरच्या हातात होती.

चाळीस पावले होती. मी एकही टाकले नाही. ते निघून गेले, तेव्हा गेलो.

फौजदार दुपारी आले. गावाने एका तोंडाने सांगितले, सायकलवरून पडले. मला विचारले. मी म्हणालो, "मी वर्गात होतो."

परभणीच्या सरकारी दवाखान्यात वामन सर तीन दिवस बेशुद्ध होते. डोके दुप्पट सुजलेले, डोळे दिसत नव्हते. डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. मेंदूला सूज आहे, औरंगाबादला हलवले तर वाटेतच जातील, इथे ठेवले तर एखादा दिवस. पलंगाशी त्यांची बायको शांताबाई बसली होती.

"सर, तुमी लय शिकलेले. काही तरी सांगा. मी काय करू?"

मला काय सुचावे! मी विचारले, "यांची आई यांना काय म्हणायची?"

बारा वर्षांत हे मी विचारले नव्हते. गाव त्यांना वाम्या म्हणे, मी सर म्हणत असे.

"वामू," ती म्हणाली. "कामून?"

मी तिला सांगितले, मी परत येऊन दारातून 'आला का' असे विचारीन. तेव्हा 'आला' म्हणायचे. दुसरे काही बोलायचे नाही. तिने मान हलवली. मला वेड लागले असे तिला वाटले असेल, पण तिच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. माझ्याजवळही नव्हता.

सकाळच्या एसटीने गावी आलो. जाळीची झोळी मिळणे शक्य नव्हते. घरातून सूप घेतले. त्यात भात, उकडलेले अंडे, पुडीच्या सुताची गुंडी. ऐन दुपारी चौकात, जिथे मातीत डाग अजून होता, तिथे बसलो आणि सूप जमिनीलगत फिरवू लागलो.

गिरणीवर दळणाला आलेली माणसे जमली.

"आण्णा, काय पाखडायलाव? माती का?"

"नीट पाखडा, लय खडे हायत आपल्या गावात!"

"थायलंडहून चेटूक शिकून आलं मास्तर."

हसणे ऐकू येत होते. तोंड उघडणे अवघड होते, कारण काय बोलावे लागणार ते मला ठाऊक होते.

"वामू," मी मोठ्याने म्हणालो, "इथे तुला मारले. सात-आठ जणांनी मारले. उभारी गंगाधरने घातली. मी व्हरांड्यातून पाहत होतो. तू सायकलवरून पडला नाहीस. ये, वामू. परत ये."

हसणे थांबले. गिरणीचा पट्टा तेवढा फिरत होता.

मी पुन्हा तेच म्हणालो. मग पुन्हा. सूप हलकेच होते. आठव्या-नवव्या हाकेला गंगाधर आला. कोणीतरी त्याला शेतातून बोलावले असावे. हातात बैल हाकायची काठी होती.

"आण्णा, उठा."

"ये, वामू. इथे गंगाधरने तुला—"

"उठा म्हन्लं ना! घरची इज्जत चौकात मांडायलाव? त्या वाम्यासाठी?"

मी हाक मारली. त्याने काठी पाठीत घातली. थोरल्या भावावर त्याने उगारलेला तो पहिला हात. मी हाक मारली. दुसरी काठी त्याच जागी, तिसरी खांद्यावर. शर्ट फाटला. चौथी मनगटावर बसली. हाड मोडल्याचे मला कळले. तरीही मी सूप सोडले नाही. यात शौर्य नव्हते. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करण्याचा धीर माझ्यात नव्हता.

आणि सूप जड झाले.

कसे ते सांगतो. हात थकून वस्तू जड वाटते, तेव्हा जडपणा हळूहळू वाढतो. हे तसे नव्हते. चालत्या गाडीत कोणी चढून बसावे, तसे ते एकदम खाली गेले. बांबूची कड जमिनीला टेकली आणि मातीत रुतली. मूठभर भात आणि एक अंडे होते त्यात.

"थांबा, ह्ये सूपच फेकून देतो," म्हणत गंगाधरने काठी टाकली आणि दोन्ही हातांनी सूप धरले. क्विंटलचे पोते एकट्याने पाठीवर घेणारा माणूस तो. त्याने ओढले. मानेच्या शिरा फुगल्या. सूप हलले नाही. त्याने पाय रोवून पुन्हा ओढले. मग हात काढून घेतले आणि ते धोतराला पुसले... बराच वेळ पुसत राहिला. तेवीस जणांनी हे पाहिले. मी मोजले आहेत. पुढे विचारल्यावर एकालाही आठवेना.

माझ्याच्याने सूप उचलले गेले, एका हाताने, छातीशी धरून. जड होते, पण येत होते. त्यावर उपरणे बांधले, फाटक्या शर्टावर कोट चढवला, गुंड्या लावल्या. एसटीत ते मांडीवर घेतले. कंडक्टरने विचारले, "काय हाय त्यात, गुरुजी?" मी म्हणालो, "पेशंटचे आहे." परभणी येईपर्यंत पायांना मुंग्या येऊन दोन्ही पाय बधिर झाले होते.

वॉर्डच्या दाराशी उभा राहून मी विचारले, "आला का?"

आतून शांताबाई म्हणाली, "आला." आणि रडू लागली.

सूप हातात वर उडाले, इतके अचानक हलके झाले. मी पुढे जाऊन सूत त्यांच्या मनगटाला बांधले. सुजलेल्या पापण्यांतून त्यांनी पाहिले. ओठ फुटलेले होते. शब्द मात्र स्पष्ट आले.

"पाठीला लय लागलं का, सर?"

कोटाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या होत्या. काठीची गोष्ट दवाखान्यात मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

डॉक्टर म्हणाले, सूज कधी कधी आपोआप उतरते. उतरत असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्याच संध्याकाळी, मनगटाला प्लास्टर घालून, फौजदारांकडे गेलो आणि जबानी बदलली. खटला चालला. गंगाधरला शिक्षा झाली, अपिलात तो सुटला. आमचे बोलणे बंद झाले. वामन सर डाव्या कानाने बहिरे झाले, परंतु सेवानिवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. त्या तीन दिवसांतले त्यांना काहीच आठवत नसे. पाठीचे मला का विचारले, तेही नाही.

वजनाचे स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. ते सूप मी पुढे काट्यावर ठेवून पाहिले. पाऊण किलो.

आणखी एक सांगायचे राहिले. या प्रसंगानंतर बारा वर्षांनी गंगाधर गिरणीपुढच्या त्याच चौकात कोसळला. मेंदूत रक्तस्राव. तो घरी बेशुद्ध पडला होता. त्याची बायको माझ्या दारात आली. हातात सूप होते. आत भात, अंडे, सूत. गावाला सगळे आठवत होते तर.

"आण्णा," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "तुमी थोरले भाऊ. तुमच्या हाकेला येतील. त्यांना आई गंगू म्हनायची."

ते मला ठाऊक होते.

मी गेलो. चौकात बसलो. सूप फिरवले आणि म्हणालो, "गंगू, तू इथे पडलास. ये." तीन वेळा म्हणालो. सूप हलके होते. मी उठलो, ते तिच्या हातात परत दिले आणि सांगितले, येत नाही.

पहाटे तो गेला.

जड लागेपर्यंत थांबायचे नसते, हे मला माहीत होते.