सुलूने आज मोडता येणारं खातं निवडलं

मंडळी, सदर बाजारच्या बँकेतून आत्ताच आले आहे आणि डोकं अजून तापलेलं आहे.

माझी नणंद सुलू बावन्न वर्षांची. नवरा गेल्यावर यंदा तिने आयुष्यातली पहिली नोकरी धरली. म्हातारपणाची सोय करायला मी तिला घेऊन गेले होते.

काउंटरवरचे बाबू म्हणाले, "बहनजी, पेंशनवाला खाता लीजिए. साठ तक निकालना मुश्किल है."

सुलू घाबरली. "नको वहिनी. विकीला मधेच गरज पडली तर?"

विकी तिचा मुलगा, दोन धंदे बुडवून तिसऱ्याच्या तयारीत असलेला.

"अगं, तुला त्याला नाही म्हणता येत नाही, तर खात्याला म्हणू दे!"

ती नुसती हसली आणि हवी तेव्हा मोडता येणारी आरडी उघडली.

परतताना ऑटोत मी बोलत सुटले. ती हळूच म्हणाली, "उद्या मला सांभाळणार तोच ना, वहिनी? त्याला आत्ता नाराज कसं करू?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे का? फक्त 'आमचा मुलगा तसा नाही' असं लिहू नका. सुलूही तेच म्हणते.