माझं मनात

संगीताचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरी मेथी निवडत बसले होते. "आई गेली गं," ती म्हणाली, आणि पाठोपाठ, "तू काल ज्यांचं नाव घेतलंस ना, त्या वॉर्डातल्या मावशींना सांगायचं राहिलं." आई गेल्याच्या फोनवर हे असलं बोलणं दुसऱ्या कुणाला वेड्यासारखं वाटलं असतं. आम्हाला वाटलं नाही. त्याचं कारण ती गेलेली बाईच.

शांताआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, अहमदपूरच्या शाळेत शिक्षिका. नवरा लवकर गेला. ती आणि तिची मुलगी संगीता, दोघीच राहायच्या. आम्ही लोह्याचे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी आणि दादा एसटीत बसून तिच्याकडे. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आत्या पोस्टकार्डावर पत्ता लिहिताना हमखास 'जि. उस्मानाबाद' लिहायची, मग जीभ चावून ते खोडायची आणि शेजारी 'लातूर' कोंबायची. जिल्हा नवा मिळाला पण पाऊस काही मिळाला नाही. त्या दोन-तीन उन्हाळ्यांत विहिरींचे तळ दिसायचे आणि आमची निम्मी सुट्टी हापशावर रांगेत जायची.

आत्याच्या घरी एक रीत होती. संध्याकाळी चटईवर ताटं मांडली की पहिला घास घेण्याआधी प्रत्येकानं एक नाव घ्यायचं. आज आपल्यासाठी ज्यानं काहीतरी केलं, त्याचं. आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला जाऊन तसं सांगायचं. देवाचं चालायचं नाही. घरच्यांचंही नाही. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "घरच्यांचं तर पाठच असतंय की. मग बाहेरच्यांची पाळी कधी यायची?" शाळेत हजेरी घ्यावी तशी ती एकेकाकडे बघायची, आणि खोटं नाव घेतलं तर तिला बरोबर कळायचं.

या रीतीनं काय काय घोटाळे झाले! एकदा गिरणीवाल्या अप्पांनी, लाईट जायच्या आत म्हणून, माझं दळण आधी घेतलं. मी रात्री त्यांचं नाव घेतलं आणि सकाळी जाऊन सांगितलं, "अप्पा, काल आत्याला तुमचं नाव सांगितलं." अप्पांच्या कपाळावरचे भस्माचे पट्टेसुद्धा आक्रसले. नाव सांगणं म्हणजे तक्रार करणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुपारी अप्पा आत्याच्या दारात हजर. "बाई, म्या काय केलं? पोरीनं माझं नाव कामून सांगितलं?" आत्या हसता हसता खाली बसली. "तक्रार न्हाई वं अप्पा. जेवताना नाव घेतलं तुमचं, चांगलं." अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "जेवताना? माझं?" त्या आठवड्यात आमचं पीठ इतकं बारीक आलं की भाकरी कितीही थापली तरी फाटायची नाही.

दादाचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात नवी वहिनीही आली. आत्या म्हणाली, "हं, नाव घे." वहिनी लाजली, पदर सावरला आणि धाडकन उखाणाच घेतला:

"नव्या जिल्ह्याची पाटी लागली अहमदपूरच्या नाक्यावर,
मिलिंदरावांनी घागर आणली स्वतःच्या डोक्यावर."

आम्ही लोळलो. दादाचे कान लाल झाले, कारण घागर त्यानं खरंच आणली होती आणि कुणाला सांगू नको म्हणून बजावलंही होतं. घरच्यांचं नाव चालत नाही, असं मी ओरडले. आत्यानं निकाल दिला, "तिला माफ. ती अजून पाहुणी हाय. पुढल्या साली तिला बी बंद."

सगळ्यांची नावं झाली की आम्ही आत्याकडे बघायचो. ती ताटाला हात लावायची आणि म्हणायची, "माझं मनात." रोज. किती डोकं लढवलं आम्ही! टँकरवाला? हेडमास्तर? दादाला वाटायचं ती घेतच नाही, नुसती आम्हाला घ्यायला लावते.

मी दहावीला गणितात नापास झाले तेव्हा वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केली. आत्या पहिल्या गाडीनं लोह्याला आली, भावाशी भांडली आणि माझी ट्रंक उचलून मला अहमदपूरला घेऊन गेली. दोन वर्षं तिनं मला शिकवलं. आज मी जी काही आहे ती त्या दोन वर्षांमुळे. तिचं नाव मात्र मी एकदाही घेतलं नाही. घरची होती ना ती... शेवटच्या भेटीत, ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, तिचं नाव घ्यायचं ठरवूनच दवाखान्यात गेले होते. तिनंच विचारलं, "आज कुणाचं घेतलंस?" माझ्या ओठांवर तिचंच होतं. आणि मी काय सांगितलं, तर सकाळी तिची वेणी घालणाऱ्या मावशींचं. ती खूश झाली. मला याचं फार वाईट वाटतं.

मावशींना मी नंतर जाऊन सांगितलं. बुद्धवंदना म्हणून आत्याचं पुण्यानुमोदन झालं. मग दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे अहमदपूरला जमलो. सण आमच्याकडे नसतो, सुट्टी असते. दादाची नातवंडंही होती. ताटं मांडली आणि पोरांनी पटापट नावं घेतली. माझी पाळी आली. आता नियम मोडायचाच, आत्याचं नाव घ्यायचंच, म्हणून मी तोंड उघडलं. पण म्हणाले,

"माझं मनात."

संगीतानं झटकन मान वर केली. माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे आई बी..." ती हळूच म्हणाली, "घरच्याचंच घेत होती व्हय गं?"

कुणाचं? त्या चटईवर होतो तरी कितीजण... संगीता, मी, दादा, नंतर वहिनी. आता विचारायचं कुणाला?

"माझं बी मनात," संगीता म्हणाली. वहिनीनं पदर डोळ्याला लावला आणि नुसती मान हलवली. पोरं ओरडायला लागली की हे चीटिंग आहे, मोठ्यांनीही नावं सांगायची. दादा कितीतरी वेळ भाकरी कुस्करत राहिला. मग ताटातच बघत म्हणाला, "माझं बी."