कवडूजींची वही

भिलाईच्या कारखान्यात कवडू रामटेके यांनी छत्तीस वर्षं भट्टीवर काढली. डोळ्यांपुढे निळी काच धरून उकळतं लोखंड पाहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन कारखान्याजवळच्या कुरुदला घर बांधलं, तरी पाहण्याची खोड गेली नाही. संध्याकाळी ढग एकाएकी लाल झाले आणि नवे भाडेकरू घाबरले, की कवडूजी गच्चीवरून ओरडत, "अरे, कारखान्यात लोखंडाची जळती मळी ओतून राहिले! जेवा निवांत!"

शेजारच्या बबलूनं एकदा आभाळात दिव्यांची माळ पाहिली आणि मोबाईल घेऊन धावत आला. कवडूजींनी त्याला तीन प्रश्न विचारले. कोणत्या दिशेले? किती वेळ? आणखी कोणी पाहिलं? मग ती उपग्रहांची रांग असते, असं सांगून बिचाऱ्याचा पार हिरमोड केला. भूत समोर आलं तरी हा माणूस आधी वेळ टिपून घेईल, असं त्यांची बायको पंचफुलाबाई म्हणायची.

थंडीच्या तोंडाशी त्यांनाच दिसलं. दिवेलागणीची वेळ, आभाळ निरभ्र, आणि डावीकडे विजेसारखी चमक.

"दिसलं का तुले?" त्यांनी पंचफुलाबाईला विचारलं.

"नाही जी. काय दिसलं?"

कवडूजींनी वही आणली. वेळ, दिशा, किती सेकंद, सगळं लिहिलं. बबलूला कळलं तर वर्षभर चिडवेल, म्हणून बाहेर अवाक्षर काढलं नाही. खात्री होईपर्यंत बोलायचं नाही, हा नियम त्यांनीच गल्लीला घालून दिलेला. आठ संध्याकाळी ते न चुकता गच्चीवर चढले. चमक कधी पश्चिमेला, कधी उत्तरेला, पण रोज त्यांच्या डावीकडेच.

नवव्या संध्याकाळी चमक दिसताच त्यांनी तोंड फिरवलं. चमकही फिरली. त्यांनी डोळे मिटले. चमक होतीच. उजवा डोळा हातानं झाकून त्यांनी कारखान्याकडे पाहिलं. तीन धुराडी असायची. डावीकडचं धुराडं नव्हतंच, तिथे नुसता काळोख होता.

"पंचफुला," ते खाली बसत म्हणाले, "ते आभाळात नाही वो. माह्या डोळ्यात आहे. मले लय भेव लागून राहिलं."

सकाळी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंकल, किस तरफ? कब से?"

कवडूजींनी वही पुढे केली. बाईंनी एक पान वाचलं, मग दुसरं, मग सगळी. डोळा तपासून त्या म्हणाल्या, आतला पडदा सुटला आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत आले असते तर बरंच वाचलं असतं. आता ऑपरेशन करून पाहू, पण हमी देता येत नाही.

"इतने दिन आप क्या करते रहे?"

एरवी फर्डी हिंदी बोलणाऱ्या कवडूजींना हिंदी सुचेना. त्यांनी वही मागून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"पक्कं करून राहिलो होतो," ते म्हणाले.